रेड अलर्टच्या आदल्या दिवशी: पाटण तालुक्यातल्या एका वाडीचं प्रकरण

वाडीचं नाव इथे देत नाही. तिथल्या लोकांनीच तशी विनंती केली आहे. दरडीचं गाव असा एकदा शिक्का बसला की पोरांच्या सोयरिकी अडतात, आणि ही भीती खोटी नाही. एवढं सांगतो, की वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आहे. घरं पंचवीसच्या आत. बहुतेक घरातला कर्ता माणूस मुंबईला माथाडीत, नाहीतर पुण्याला कंपनीत. पावसाळ्यात मागे राहतात ती म्हातारी माणसं, बायका, शाळेतली पोरं आणि जनावरं.

माथ्यावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, त्याखाली उभी उतरण, उतरणीच्या पायथ्याला भाताची खाचरं आणि खाचरांना लागून वरची आळी. तिच्याखाली मधली आळी आणि ओढ्याकाठची चार-पाच घरं. ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, साकवापलीकडे डांबरी रस्ता. वाडीत यायला आणि वाडीतून निघायला हा साकव सोडून दुसरी वाट नाही.

जुलैचा तिसरा आठवडा होता. आठ दिवस झड लागलेली, लावणी निम्मी उरकलेली. गुरुवारी हवामान खात्याने साताऱ्याच्या घाटमाथ्याला शुक्रवार-शनिवारसाठी रेड अलर्ट दिला, म्हणजे २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, अत्यंत मुसळधार पावसाची शक्यता. हा इशारा घाटमाथ्याच्या सबंध पट्ट्यासाठी असतो. त्यात कुठल्या वाडीवर किती पडेल आणि कुठला डोंगर तो पाऊस सोसेल, हे त्यातून कळत नाही. ते जागेवर जाऊनच बघावं लागतं.

त्याच सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला. "सर, वरच्या खाचरात पाणी फुटलंय. ह्या जागंला कधी नव्हतं. जरा येऊन बघताय का?" मी कराडला भूगोल शिकवतो आणि डोंगरात अडकलेल्यांना काढणाऱ्या एका गटाबरोबर पावसाळ्यात काम करतो. गटातला एक मित्र बरोबर घेतला आणि दुपारच्या आत वाडीत पोचलो.

२२ आणि २३ जुलै २०२१ च्या पावसात याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे घरांवर दरडी आल्या आणि माणसं गाडली गेली. महाबळेश्वरला तेव्हा २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवसांपासून इथल्या माणसाला डोंगराची भीती कशी असते ते वेगळं शिकवावं लागत नाही. अडचण दुसरीच आहे. दर पावसाळ्यात इशारे येतात, दर वेळी घर सोडावं लागतं असं नाही, आणि चार वेळा काही झालं नाही की पाचव्या वेळी पाय उचलत नाही. म्हणून नुसत्या भीतीवर निर्णय सोडता येत नाही. त्याला बघितलेला, मोजलेला आधार हवा.

डोंगरावर काय दिसलं

वर चढलो तेव्हा पोलीस पाटील आणि तात्या बरोबर होते. तात्या सत्तरी ओलांडलेले, जन्मभर याच उतरणीवर गुरं वळलेले. भेग त्यांनीच दाखवली. "ही दिवाळीला नव्हती," म्हणाले. "आखाडाच्या तोंडाला बारीक दिसली, आता पाय जातोय."

उन्हाळ्यात चिकण माती तडकते आणि डोंगरावर भेगा पडतात, त्यांना घाबरायचं कारण नसतं. त्या आडव्यातिडव्या जातात, उथळ असतात, पहिल्या पावसात मिटतात. ही तशी नव्हती. पन्नास-साठ पावलं लांब, दोन्ही टोकं उताराकडे वळलेली. खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा चार बोटं खचलेली. आत हात घातला तर गवताची मुळं ताणून तुटलेली आणि तुटलेली टोकं अजून पांढरी. म्हणजे तोड ताजी. मातीचा सबंध तुकडा एकसंध खाली सरकायला लागला की माथ्याकडची भेग अशी वळते. तुटलेली मुळं आणि खचलेली कड या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर पुढचं बोलणं गंभीरपणेच करावं.

पाणी कुठून येतंय ते समजून घ्यायला खडकाची रचना बघावी लागते. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे, आणि पुष्कळ ठिकाणी दोन थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो. वरचा जांभा आणि भेगाळलेला खडक पाणी आत घेतात, ते मुरत खाली येतं आणि या लाल पट्ट्यावर अडतं. मग ते आडवं वाहतं आणि उतारावर झरा होऊन फुटतं. आठ दिवसांच्या झडीनंतर आतली सगळी जागा भरलेली असते. पाण्याचा दाब मातीच्या कणांना एकमेकांपासून उचलतो, कणाकणांतली पकड सुटते आणि ज्या उतारावर माती शंभर वर्षं टिकली तिथे ती एका रात्रीत टिकत नाही. म्हणून एका दिवसाच्या पावसाइतकंच, त्याआधीच्या आठवड्यात किती पडला हेही महत्त्वाचं.

नवा झरा भेगेच्या बरोबर खाली, वरच्या आळीच्या मागच्या खाचरात फुटला होता. पोलीस पाटलांच्या मते मंगळवारी पाणी नितळ होतं. आम्ही रिकाम्या बाटलीत ते भरलं आणि बांधावर ठेवलं. अर्ध्या तासाने तळाशी बोटभर लाल गाळ. पावसाचं वरून वाहणारं पाणी गढूळ असणारच, त्याचं काही नाही. पण जमिनीतून येणारं पाणी नितळाचं गढूळ झालं, तर आतून माती वाहून चालली आहे. त्या दिवसभरात बघितलेल्या सगळ्या खुणांत मला ही सर्वांत वाईट वाटली.

घरांच्या भिंतींनाही तडे होते, पण त्यावर मी फार वजन टाकलं नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून कोयनेच्या परिसरात छोटे धक्के बसतच आले आहेत आणि इथल्या जुन्या घरांना तडे नवीन नाहीत. जुन्या तड्यात धूळ बसलेली असते, कोळ्याचं जाळं असतं, मागच्या दिवाळीचा चुना आत शिरलेला असतो. तसे तडे सोडून दिले. एका घरात मात्र मागचं दार दोन दिवसांपासून चौकटीत अडकत होतं आणि जोत्याला पडलेली चीर कोरी होती. ते घर भेगेच्या थेट खाली. ते नोंदवलं.

भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या, वर दोन आणि खाली एक, म्हणजे भेग रुंदावते की खालची बाजू खचते हे दोन्ही मोजता येतं. भेगेत चिकण माती ठासून वर प्लॅस्टिकचा कागद घातला, दगड ठेवले, आणि वरच्या अंगाला छोटा चर काढून सड्यावरून येणारं पाणी बाजूला वळवलं. याने दरड थांबत नाही, हे तिथेच सगळ्यांना स्पष्ट सांगितलं. पाणी थेट भेगेत ओतणं तेवढं थांबतं. संध्याकाळी पुन्हा मोजलं, तेव्हा तीन तासांत वरच्या आणि खालच्या खुंटीतलं अंतर अर्ध्या बोटाने वाढलं होतं.

पावसाचा हिशोब वाडीतच होता. पोलीस पाटील २०२१ पासून अंगणात पर्जन्यमापक म्हणून स्टीलचा डबा ठेवतात. उभ्या सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा. पागोळ्यांपासून लांब, दगडाच्या चौथऱ्यावर, म्हणजे जमिनीवरचं पाणी उडून आत पडत नाही. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मोजायचं, वहीत लिहायचं, डबा उपडा करायचा. सरळ भिंतीच्या भांड्यात जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस, यापेक्षा जास्त गणित नाही. मंडलाचं पर्जन्यमापक डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे आणि तिथला आकडा या वाडीच्या वहीशी कधीच जुळत नाही. आधीच्या चार दिवसांची वहीतली बेरीज ४०० च्या पुढे गेली होती.

देवळातली बैठक

संध्याकाळी मारुतीच्या देवळात माणसं जमली. सरपंच, तलाठी, आशाताई, वरच्या आळीतली यच्चयावत घरं. मुंबईहून दोन मुलगे व्हिडिओ कॉलवर. पहिला प्रश्न अपेक्षित होता तोच आला. "सर, डोंगर येणार का न्हाय, तेवढं एक सांगा."

याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पंचवीस खुणा वाईट असूनही डोंगर त्या रात्री जागचा हलत नाही, आणि एकही खूण न दाखवता दुसरा डोंगर खाली येतो. माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी गाडलं गेलं, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. अशा वेळी होय किंवा नाही म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये असं मला मनापासून वाटतं, मग तो कितीही शिकलेला असो.

म्हणून मी दुसरा प्रश्न त्यांनाच विचारला. समजा उद्या रात्री दोन वाजता वर आवाज झाला, तर बाहेर पडता येईल का?

याचं उत्तर मात्र वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जोराचा पाऊस दोन तास लागला की साकव पाण्याखाली जातो. लाईट त्याआधी जाते. मोबाईलला रेंज देवळाच्या पायरीवर तेवढी. वरच्या आळीतल्या दोन आज्या चालू शकत नाहीत, त्यांना डोलीत घालून न्यावं लागतं, आणि गेल्या महिन्यात एका आजीला दवाखान्यात नेताना भर दिवसा, उघडिपीत, साकवापर्यंत पाऊण तास लागला होता. एक वहिनी सातव्या महिन्यात. एक आबा ठार बहिरे, घरात एकटे. बचत गटाच्या अध्यक्षा असलेल्या आक्कांनी हे सगळं तिथेच वहीत उतरवलं, घरवार. ती यादी वाचून दाखवल्यावर देवळात बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग तात्याच म्हणाले, "म्हंजी डोंगराचं न्हाई बघायचं. साकवाचं बघायचं."

हाच या प्रकरणाचा कणा आहे. डोंगरावरच्या खुणा धोका खरा आहे हे सांगतात, पण निघायची वेळ त्या ठरवत नाहीत. निघायची वेळ ठरवते बाहेर पडायची वाट. शेवटची खूण दिसेपर्यंत थांबायचं म्हटलं तर ती खूण साकव बुडाल्यानंतर दिसेल. म्हणून उलटा हिशोब मांडला. अंदाजाप्रमाणे जोर शुक्रवारी संध्याकाळनंतर. दोन डोल्या, म्हातारी माणसं, पोरं, सामान, सगळं मिळून चार तास धरले. शुक्रवारी दुपारी चारला शेवटचा माणूस साकवापलीकडे. त्याआधीच्या कुठल्याही तासात डब्यात ३० मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला, तर चारची वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं. हा आकडा या वाडीच्या साकवावरून काढलेला आहे. दुसऱ्या वाडीने तो उचलू नये, आपल्या ओढ्यावरून काढावा.

आणि निघायचं ते सगळ्यांनी. मधल्या आळीतल्या काहींचं म्हणणं पडलं, की भेग वरच्या आळीच्या डोक्यावर आहे, आम्ही कशाला? पण साकव सगळ्यांचा एकच, त्यामुळे हा मुद्दा फार टिकला नाही.

शाळा नको

जायचं कुठे, तर जिल्हा परिषदेच्या शाळेत, असं कागदावर आधीच ठरलेलं होतं. शाळा ओढ्यापलीकडे, रस्त्याला लागून, नवी बांधलेली, स्लॅबची. सगळ्यांना सोयीची. पण ओढा डोंगरातून बाहेर पडून जिथे पसरतो तिथेच ती उभी आहे.

शाळेमागे एका शेतकऱ्याने विहीर काढली आहे. तिची कड टॉर्च मारून बघितली. वरपासून दोन पुरुष खोलीपर्यंत माती, गोटे आणि घमेल्याएवढे कोनदार दगड, सगळं एकमेकांत कालवलेलं. नदीने आणलेली माती अशी नसते. तिच्यात गोटे घासून गोल झालेले असतात आणि वाळू, गोटे, गाळ यांचे वेगवेगळे थर दिसतात. इथला राडा एका झटक्यात वरून आलेला होता, आणि थर बघता असं एकदाच झालेलं नव्हतं. डोंगराच्या तोंडाशी जी सपाट, बांधायला सोपी जागा मिळते ती पुष्कळदा अशाच जुन्या राड्यांनी तयार केलेली असते. म्हणून निवाऱ्याची जागा ठरवताना इमारत बघायच्या आधी तिच्याखालची जमीन बघावी, असा माझा आग्रह असतो.

सरपंचांनी रात्रीच खालच्या गावातल्या मंगल कार्यालयाच्या मालकाला फोन लावला. तलाठ्यांनी तहसील कार्यालयाला कळवून जागा बदलल्याची नोंद केली, आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षालाही सांगितलं.

म्हशी

खरा पेच यानंतर आला. वाडीत म्हशी आणि गाई मिळून चाळीसच्या आसपास. दुधाच्या पैशावर घरं चालतात. माणसं खाली न्यायची आणि जनावरं वरच ठेवायची, तर सकाळ-संध्याकाळ धारेला कुणीतरी वर येणार. वैरण टाकायला येणार. वासरू हंबरतंय म्हणून रात्री येणार. तो एकटा माणूस नेमक्या वाईट वेळी वर सापडतो. स्थलांतराच्या बहुतेक आराखड्यांत जनावरांना एक ओळ असते आणि हातात काही नसतं. मला हे फार खुपतं, कारण गोठ्यातल्या म्हशीला सोडून या असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे त्याला मागे फिरायला लावणंच आहे.

एका काकूंनी सरळ सांगितलं, "मी येते खाली. पर म्हस कुणी बघायची? ती दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय."

मार्ग खालच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर निघाला. केंद्राशेजारी पत्र्याची मोठी शेड होती, पूर्वी पोल्ट्रीची, आता रिकामी. मालकाने चार दिवसांसाठी ती द्यायचं कबूल केलं. धार तिथेच काढायची, दूध तिथेच घालायचं. वैरणीसाठी एकाने टेम्पो दिला. शुक्रवारी उजाडताच जनावरं आधी हलवली, माणसं नंतर. दहाच्या सुमारास शेवटची म्हैस साकवावरून पलीकडे गेली आणि त्यानंतर कुणाला निघा म्हणून सांगावं लागलं नाही. बायका गाठोडी बांधून आपण होऊनच खाली उतरल्या. आक्का घरवार यादी धरून साकवाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक नावावर खूण करत गेल्या. शेवटी एकच नाव उरलं, बहिऱ्या आबांचं. ते लावणी राहिलेल्या खाचरात तरवा उपटत होते. पोलीस पाटलांनी त्यांना हाताला धरून आणलं. दुपारी तीनच्या आत वाडी रिकामी झाली.

त्या रात्री

सातनंतर जोर धरला. नऊच्या आसपास साकव पाण्याखाली गेला, हे पलीकडच्या रस्त्यावरून टॉर्चच्या उजेडात दिसलं. त्यानंतर वाडीकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून चार पोरं आळीपाळीने रस्त्यावर थांबली होती. मध्यरात्रीनंतर ओढ्याचा आवाज बदलला. पाण्याच्या खळाळाऐवजी दगडावर दगड आपटल्याचा जड आवाज, जमिनीतून पायाला कळणारा.

सकाळी पाणी उतरल्यावर कळलं ते असं. भेग पडलेला डोंगर आला नव्हता. खुंट्यांमधलं अंतर वीतभर वाढलं होतं, झऱ्याचं तोंड रुंदावलं होतं, पण तुकडा जागेवर होता. दरड आली होती ओढ्याच्या वरच्या अंगाला, झाडीतल्या घळीतून, जिथे आमच्यापैकी कुणीही गेलं नव्हतं आणि जिथे खालून काही दिसण्यासारखं नव्हतं. माती, दगड आणि मुळासकट आलेली झाडं ओढ्यातून खाली उतरली, ओढ्याकाठच्या दोन घरांच्या मागच्या भिंती पडल्या आणि एका घरात खिडकीपर्यंत चिखल भरला. साकवाचा कठडा गेला. शाळेच्या पटांगणात घमेल्याएवढे दगड येऊन पडले होते.

वरच्या आळीला ओरखडाही नव्हता. केवळ भेगेच्या भरवशावर वरची आळी तेवढी हलवली असती, तर त्या दोन घरांत रात्री माणसं असती.

परत कधी जायचं

शनिवारी दुपारी ऊन पडलं आणि लगेच परत जायची घाई सुरू झाली. लावणी खोळंबली होती, घरं उघडी होती. इथे मात्र आम्ही सगळे अडून बसलो. पाऊस थांबला म्हणजे आतलं पाणी थांबलं असं नसतं. ते पुढे कितीतरी तास, कधी दिवस, खाली उतरत राहतं, आणि उघडिपीत दरड आल्याची उदाहरणं आहेत. परतीच्या अटी तीन ठरल्या: खुंट्यांमधलं अंतर सलग दोन दिवस वाढता कामा नये, झऱ्याच्या पाण्याची बाटली अर्ध्या तासाने नितळ दिसली पाहिजे, आणि पुढच्या दोन दिवसांचा अंदाज ऑरेंज अलर्टच्या खाली हवा. मोजायला दिवसाउजेडी दोघांनीच जायचं, तिसऱ्याने खाली उभं राहून वर लक्ष ठेवायचं.

मधली आळी चौथ्या दिवशी परतली. वरच्या आळीच्या खुंट्या हलतच होत्या, त्यामुळे तिथली घरं पोळ्यापर्यंत खालीच राहिली. काहींनी गावात खोल्या घेतल्या, भाडं मुंबईच्या मुलांनी दिलं. दोन आज्या अजून लेकींकडे आहेत. भूवैज्ञानिक पाहणीसाठी तहसीलमार्फत अर्ज गेला, पाहणी झाली, कायमच्या पुनर्वसनाची फाईल सुरू आहे. जागा कुठली द्यायची यावर ती अडली आहे, कारण लोकांना खाचरांपासून लांब जायचं नाही आणि जवळची सपाट जागा म्हणजे पुन्हा तेच ओढ्याचं तोंड. यात कुणाचा हेका आहे असं मला वाटत नाही. भात सोडून माणूस राहणार कशावर, हा प्रश्न त्या फाईलमध्ये कुठेतरी लिहिला जायला हवा.

दरम्यान ग्रामपंचायतीने ठराव केला. मेअखेरीस पोल्ट्रीची शेड चार महिन्यांसाठी भाड्याने घ्यायची, तीत आधीच वैरण भरून ठेवायची. निवाऱ्याच्या यादीतून शाळेचं नाव काढलं आहे. आक्कांची घरवार वही दर एक जूनला नव्याने लिहायची. आणि ओढ्याच्या वरच्या घळीत पावसाळ्याआधी एकदा आणि रेड अलर्ट आला की त्याच दिवशी पुन्हा, चढून बघायचं. तात्यांनी त्यासाठी दोन पोरं तयार केली आहेत. वाट काट्यांची आहे, ती त्यांनी शिमग्यानंतरच तोडून ठेवली.